पहिले मत्स्यालय : आधी पाणी, मग मासे

घरातल्या मत्स्यालयात मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात मलमूत्रही सोडतो. नदीत किंवा तळ्यात ही घाण पाण्याच्या प्रचंड साठ्यात विरून जाते. काचेच्या चार भिंतींत ती साठत राहते. मुलाच्या हट्टाखातर आणलेले मासे पहिल्या महिन्यातच मरतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे रोग नसतो, हे साठलेले विष असते. म्हणून पहिल्या मत्स्यालयाची तयारी ही मुख्यतः पाण्याची तयारी असते. टाकीचा आकार, फिल्टर, खडी, वनस्पती, माशांची संख्या, खाद्याची मात्रा या सगळ्यांचा हिशेब शेवटी पाण्याशीच येऊन मिळतो. महाराष्ट्रातल्या साध्या घरात ठेवता येईल आणि मुलाला मोठ्यांच्या मदतीने सांभाळता येईल, अशा दोन फुटी गोड्या पाण्याच्या टाकीचा विचार या प्रकरणात केला आहे.

टाकी किती मोठी असावी

दुकानात सर्वांत स्वस्त आणि मुलांच्या नजरेत चटकन भरणारे भांडे म्हणजे गोल बाऊल. त्यात जेमतेम दोन ते पाच लिटर पाणी मावते. एवढ्याशा पाण्यात घाणीचे प्रमाण लवकर वाढते, तापमान दिवसभरात झपाट्याने वरखाली होते आणि फिल्टर बसवायला जागा उरत नाही. शिवाय बाऊल गळ्यापर्यंत भरला की हवेला टेकणारा पाण्याचा पृष्ठभाग आक्रसतो आणि प्राणवायू तर मुख्यतः या पृष्ठभागातूनच पाण्यात विरघळतो. इटलीतील मोंझा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये माशांचे हाल होतात या कारणावरून अशा गोल भांड्यांत मासे ठेवण्यावर बंदी घातली.

लहान टाकी सांभाळायला सोपी, हा समज उलटा आहे. पाणी जितके जास्त, तितक्या नवशिक्याच्या चुका त्यात पचतात. चिमूटभर जादा खाद्य पाच लिटर पाणी एका रात्रीत नासवते. पन्नास लिटरमध्ये त्याचा परिणाम जाणवेपर्यंत ते बाहेर काढायला वेळ मिळतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी सुरुवातीला योग्य ठरते. साठ बाय तीस बाय तीस सेंटिमीटरच्या अशा टाकीची क्षमता ५४ लिटर असते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात सुमारे ४५ लिटर पाणी राहते. काच ५ ते ६ मिलिमीटर जाडीची आणि सांधे सिलिकॉनने भरलेले असावेत. उंच आणि अरुंद टाकीपेक्षा लांबट टाकी बरी. तिच्यात पृष्ठभाग जास्त मिळतो आणि माशांना सरळ पोहायला वाव राहतो. झाकण हवेच, कारण अनेक लहान मासे उडी मारतात. नवी टाकी घरात मांडण्याआधी गॅलरीत किंवा अंगणात सपाट जागी पूर्ण भरून एक दिवस ठेवावी. गळती असेल तर ती तिथेच कळते. टाकी धुताना साबण किंवा भांड्यांची पावडर अजिबात वापरू नये. त्यांचा उरलेला अंश माशांच्या कल्ल्यांना इजा करतो.

जागा

भरलेल्या दोन फुटी टाकीचे वजन ६५ ते ७० किलो होते : पाण्याचे ४५, काचेचे सुमारे ९ आणि खडीचे १० किलोच्या आसपास. हा भार कायमचा असतो. त्यामुळे प्लास्टिकचे टीपॉय, भिंतीतले हलके शेल्फ किंवा डुगडुगणारे टेबल चालत नाही. टाकीखाली थर्माकोलची शीट अंथरली की पृष्ठभागातला बारीक उंचसखलपणा झाकला जातो आणि तळाच्या काचेवर एकाच ठिकाणी ताण येत नाही. भरलेली टाकी कधीही उचलू किंवा सरकवू नये.

खिडकीतले थेट ऊन टाकीवर पडू नये. उन्हाने पाणी तापते आणि काचेवर हिरवे शेवाळ चढते. स्वयंपाकघरातली फोडणी आणि वाफ यांपासूनही टाकी दूर ठेवावी. डासांचे स्प्रे, कॉइल आणि प्लगमध्ये लावायच्या लिक्विडच्या बाबतीत विशेष सावध राहावे लागते. त्यांतील पायरेथ्रॉइड वर्गातली रसायने माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना मात्र अत्यंत विषारी असतात. एअर पंप खोलीतली हवा खेचून पाण्यात सोडत असल्याने ही रसायने थेट टाकीत पोहोचतात. पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम निघाले तर पंप तेवढा वेळ बंद ठेवून टाकी ओल्या चादरीने झाकावी आणि खोलीत हवा खेळती झाल्यावरच पंप पुन्हा सुरू करावा.

विजेचे बोर्ड टाकीच्या वरच्या बाजूला असावेत. ते खाली असतील तर प्रत्येक वायर प्लगच्या पातळीपेक्षा खाली झुकवून मग वर न्यावी. वायरवरून ओघळणारे पाणी त्या झोळातून खाली ठिबकते, प्लगमध्ये शिरत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी उपकरणे बंद करण्याची सवय मुलाला पहिल्या दिवसापासून लावावी.

कुठले पाणी वापरावे

नळाचे पाणी बहुतेक माशांना चालते, पण नगरपालिकेने त्यात मिसळलेले क्लोरीन चालत नाही. क्लोरीन माशांचे कल्ले जाळते आणि टाकीतल्या उपयुक्त जिवाणूंनाही मारते. पसरट बादलीत पाणी २४ तास उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते. एअरस्टोन सोडल्यास आणखी लवकर जाते. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन, म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, बाटलीवरच्या प्रमाणात घालतात. अमेरिकेतील अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते पाणी उघडे ठेवून निघत नाही. तिथल्या घरांत त्यासाठीचे खास द्रावण वापरावेच लागते.

बोअरचे पाणी अनेकदा जड असते. गप्पी आणि मॉली त्यात उत्तम वाढतात, पण निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांना ते मानवत नाही. टँकरच्या पाण्याचा भरवसा नसतो : त्यात क्लोरीन कधी भरपूर, कधी मुळीच नसते. आरओचे पाणी स्वच्छ, म्हणून माशांसाठी उत्तम, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे क्षार निघून गेलेले असतात. अशा पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, सहज ढासळतो आणि माशांच्या शरीरातले क्षारांचे संतुलन बिघडते. फार जड पाणी थोडे मऊ करण्यासाठी ते मिसळता येते. नुसत्या आरओ पाण्यावर टाकी चालवू नये.

फिल्टर आणि इतर साहित्य

फिल्टर पाण्यातला कचरा अडवतो, हे त्याचे दुय्यम काम. त्याचा स्पंज हे जिवाणूंचे घर असते आणि त्यातून वाहणारे पाणी त्या जिवाणूंना अन्न व प्राणवायू पुरवते, हे खरे काम. ४५ ते ५० लिटरच्या टाकीला तासाला २०० ते ३०० लिटर पाणी फिरवणारा इंटर्नल फिल्टर पुरतो. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर आणखी स्वस्त पडतो, त्याचा प्रवाह सौम्य असतो आणि त्यात पिल्ले खेचली जात नाहीत. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी नळीतून उलटे वाहत पंपात आणि तिथून फरशीवर येते.

फिल्टर चोवीस तास चालू ठेवायचा असतो. रात्री आवाज होतो किंवा वीज वाचवायची म्हणून तो बंद केला, तर स्पंजमधील जिवाणू काही तासांतच प्राणवायूअभावी मरू लागतात. वारंवार लोडशेडिंग होणाऱ्या भागात बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप हाताशी असावा.

तळाला तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बारीक गोट्यांचा थर पुरतो. बादलीत पाणी गढूळ व्हायचे थांबेपर्यंत गोटे धुवावेत. काळ्या कातळाचे किंवा नदीतले गुळगुळीत दगड चालतात. शिंपले, प्रवाळ आणि संगमरवराचे तुकडे टाळावेत. त्यांतला चुना हळूहळू विरघळून पाणी जड आणि अल्कधर्मी करतो. शंका असेल तर दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो दगड टाकीत घालू नये. समुद्रावरून मुलाने हौसेने गोळा करून आणलेल्या शिंपल्यांना शोकेसच बरी.

वनस्पतींमध्ये हायड्रिला, व्हॅलिसनेरिया आणि सेराटोफायलम लवकर जम धरतात आणि वाढताना पाण्यातला नायट्रेट शोषतात. कमी उजेडात टिकणारे जावा फर्न आणि अनुबियस दगडाला किंवा लाकडाला बांधतात. वनस्पती, मासे आणि पाणी यांचा मेळ घालण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी एका भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ठेवली. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले तेव्हा त्यात गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि घरोघरी काचेच्या टाक्यांची लाट आली. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. ते पाहून आल्यावर घरी टाकीचा हट्ट धरणाऱ्या मुलांच्या त्यानंतर कित्येक पिढ्या झाल्या.

दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. त्याहून जास्त उजेड शेवाळालाच पोसतो.

पाणी पिकवणे : महिनाभराचा धीर

मासे नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात सोडतात. उरलेले खाद्य आणि सडलेली पाने यांतूनही अमोनिया तयार होतो. अमोनिया कल्ले भाजतो. तो किती घातक ठरेल हे पाण्याच्या पीएचवर अवलंबून असते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हाच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. जड, अल्कधर्मी पाण्याच्या गावात नव्या टाकीतले मासे लवकर दगावण्याचे हे एक कारण आहे.

जिवाणूंचा एक गट अमोनियापासून नायट्राइट बनवतो. नायट्राइटही विषारीच. तो रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घालवतो, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. जिवाणूंचा दुसरा गट नायट्राइटपासून नायट्रेट बनवतो. तो बराच कमी घातक असतो आणि पाणी बदलून व वनस्पती वाढवून आटोक्यात ठेवता येतो. मातीत ही प्रक्रिया घडवणारे जिवाणू सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे काढले. मत्स्यालयात दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर पार पाडतो, असे अनेक वर्षे मानले जात होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पिरा गटातील जिवाणू करत असल्याचे दिसले. याच गटातील काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, हे २०१५ मध्ये उघड झाले.

नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात आणि ते सावकाश वाढतात. पाणी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ते असे करतात : टाकी मांडून फिल्टर सुरू करावा, मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरत असताना नायट्राइट चढतो, शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागतो. दुकानात मिळणाऱ्या टेस्ट किटने दर दोन-तीन दिवसांनी हे मोजता येते. मापांचा आलेख वहीत काढणे हे मुलासाठी चांगले काम आहे. रिकाम्या टाकीकडे पाहत महिना काढायचा कंटाळाही त्याने कमी होतो. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवला तर हा काळ बराच कमी होतो. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते तयार झाले, असे मात्र समजू नये. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत.

कोणते मासे

पहिल्या टाकीसाठी मासा काटक, लहान आणि एकमेकांशी जमवून घेणारा हवा. गप्पी या कसोटीला उतरतो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि कॅरिबियन बेटांवरचा. त्रिनिदादहून नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांचे नाव त्याला मिळाले. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो १९०८ मध्ये भारतात आणला गेला. महाराष्ट्रातल्या हिवताप आणि डेंग्यूविरोधी मोहिमांतही साठलेल्या पाण्यात गप्पी सोडतात, त्यामुळे शोभिवंत माशांचे दुकान कधी न पाहिलेल्या माणसालाही हे नाव ठाऊक असते. अडचण एकच : गप्पीची मादी साधारण महिन्याने पिल्ले घालते आणि नराचे शुक्राणू काही महिने शरीरात साठवू शकते. दोन माद्या आणल्या तर वर्षात टाकी ओसंडते. म्हणून सुरुवातीला फक्त नर घ्यावेत. ते आकाराने लहान आणि रंगीत, पसरट शेपटीचे असतात. दोन फुटी टाकीत आठ ते दहा नर आरामात राहतात.

झेब्रा मासा हा आणखी चांगला पर्याय आहे आणि तो इथलाच आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो जनुकशास्त्राच्या अभ्यासासाठी वापरला जातो. तो थंडी आणि उष्णता दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. मात्र तो थव्याने राहणारा मासा असल्याने किमान सहा आणावेत. एकटादुकटा झेब्रा बुजतो किंवा इतरांच्या शेपट्या कुरतडतो.

फायटर मासा एकटा ठेवायचा. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. त्याला पृष्ठभागावर येऊन हवा घेता येते. या देणगीचा गैरफायदा घेऊन दुकानदार त्याला कपाएवढ्या भांड्यात विकतात. त्या भांड्यात तो जिवंत राहतो, धडधाकट राहत नाही. त्यालाही किमान वीस लिटर पाणी, २४ ते २८ अंश तापमान आणि संथ प्रवाह हवा. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना जखमी करतात.

गोल्डफिश मुलांचा आवडता असला तरी पहिल्या टाकीत बसत नाही. साधा गोल्डफिश वीस सेंटिमीटरहून मोठा होतो, भरपूर घाण करतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. इंग्लंडमधील एका जत्रेत १९५६ मध्ये बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये ४३ व्या वर्षी मेला. बाऊलमधले गोल्डफिश काही महिन्यांत मरतात ते आयुष्य सरले म्हणून नव्हे. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा एक फुटाहून मोठा होतो. तोही आणू नये. अंगावर भडक गुलाबी, हिरवे किंवा निळे पट्टे असलेले पारदर्शक मासे अनेकदा रंगाची सुई टोचून रंगवलेले असतात. ते घेणे म्हणजे त्या क्रौर्याला पैसे पुरवणे.

दुकानात मासा निवडताना तो पंख पसरून पोहतो का, पोट खपाटीला गेलेले नाही ना, अंगावर पांढरे ठिपके किंवा कापसासारखी बुरशी नाही ना, हे पाहावे. ज्या टाकीत एकही मेलेला मासा दिसतो, त्या टाकीतला मासा घेऊ नये.

मासे सोडताना

सगळे मासे एकाच दिवशी आणू नयेत. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणात वाढते. आधी तीन-चार मासे, दोन आठवड्यांनी आणखी काही, असा क्रम ठेवावा. टाकीतला दिवा बंद करून पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी म्हणजे तापमान जुळते. मग पिशवीत टाकीतले थोडे थोडे पाणी दर पाच मिनिटांनी मिसळावे. शेवटी मासे जाळीने टाकीत सोडावेत आणि पिशवीतले पाणी बेसिनमध्ये ओतावे, कारण त्यातून रोग येऊ शकतात. पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये.

खाद्य

पहिल्या टाकीतले सर्वाधिक मासे भुकेने नाही, जास्त खाद्याने मरतात. मासे काचेजवळ धावत येतात ते नेहमी भुकेमुळेच येत नाहीत. खाद्य देणारा माणूस आणि खाद्याची वेळ ते ओळखू लागतात. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे आणि उरलेले जाळीने काढावे. आठवड्यातून एक दिवस उपवास पडला तरी निरोगी मोठ्या माशांना अपाय होत नाही. गणपतीला चार-पाच दिवस गावी जाताना शेजाऱ्यांकडे खाद्याची अख्खी डबी सोपवण्यापेक्षा मासे उपाशी ठेवणे अधिक सुरक्षित. भात, पोळी, पाव आणि बिस्किटे पाण्यात विरघळून ते नासवतात. ती टाकीत जाऊ देऊ नयेत.

दर आठवड्याचे काम

महिनाभर काही न करता मग एके दिवशी टाकी पूर्ण रिकामी करून घासून धुणे, ही घराघरांत रूढ झालेली पद्धत माशांसाठी सर्वांत घातक आहे. तिने जिवाणूंची वसाहत मोडते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. योग्य पद्धत अशी : दर आठवड्याला पाव भाग पाणी सायफनने काढावे, काढताना नळीचे तोंड गोट्यांत फिरवून गाळ ओढून घ्यावा आणि त्याच तापमानाचे क्लोरीन काढलेले पाणी हळू ओतावे. सायफन सुरू करताना तोंडाने पाणी ओढू नये. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत राहिला तर हे वेळापत्रक पुरेसे आहे असे समजावे. काढलेले पाणी कुंड्यांना उत्तम खत ठरते.

उन्हाळा आणि हिवाळा

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅम. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर एअरस्टोन वाढवावा, पाणी दोन इंच कमी करावे आणि झाकण काढून जाळी लावून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फ थेट टाकू नये. अचानक झालेला बदल उष्णतेपेक्षा वाईट ठरतो.

कोकणात आणि मुंबईत हीटरची गरज क्वचितच भासते. नाशिक, पुणे किंवा नागपूरच्या थंडीत मात्र फायटर आणि गप्पीसाठी तो लागतो. लिटरला एक वॅट या हिशेबाने ५० वॅटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो. हीटर पाण्याबाहेर असताना चालू केला तर त्याची काच तडकते.

आजाराची लक्षणे

थंडीच्या तोंडावर सर्वाधिक दिसणारा आजार म्हणजे पांढरे ठिपके. इक्थियोफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी कातडीखाली राहतो तेव्हा मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात. औषध त्याला कातडीखाली गाठू शकत नाही. पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेतच ते लागू पडते. म्हणून ठिपके नाहीसे झाल्यावरही सांगितलेले सर्व दिवस औषध द्यावे. कुठलेही औषध घालण्याआधी अमोनिया आणि नायट्राइट मोजावेत. मासे सुस्त पडणे, पंख मिटून घेणे, धापा टाकणे ही लक्षणे बिघडलेल्या पाण्यातही दिसतात आणि त्यावर पाणी बदलणे हाच उपाय असतो. मेलेला मासा लगेच काढावा.

मुलाचा वाटा

टाकी मुलाची असली तरी जबाबदारी घरातल्या मोठ्या माणसाचीच राहते. पाच-सहा वर्षांच्या मुलाने खाद्य द्यावे, पण मात्रा मोठ्यांनी ठरवावी. त्यासाठी आठवड्याच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी सोयीची पडते. रविवारी मोठ्यांनी ती भरायची आणि मुलाने रोज एक कप्पा रिकामा करायचा. आजचा कप्पा रिकामा दिसला की दुसऱ्यांदा खाद्य पडत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला मासे मोजणे, तापमान टिपणे आणि टेस्ट किट वापरणे जमते. सायफन, वीज आणि औषधे मोठ्यांच्या देखरेखीखालीच हाताळावीत. टाकीत हात घालण्याआधी आणि नंतर हात धुवावेत. हातावर जखम असेल तर पाण्यात हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू जखमेतून शिरून चिवट गाठी उठवतो.

गप्पी साधारण दोन वर्षे जगतो, हे मुलाला आधीच सांगितलेले बरे. मासा गेल्यावर दुसऱ्या दिवशी तसाच मासा गुपचूप आणून ठेवण्यापेक्षा तो का गेला हे मुलासोबत शोधणे उपयोगाचे ठरते. पाण्याची मापे लिहिलेली वही इथे कामी येते.

नकोसे झालेले मासे

संख्या वाढली, मासा फार मोठा झाला किंवा मुलाचा उत्साह ओसरला, तर मासे तळ्यात, ओढ्यात किंवा विसर्जनाच्या विहिरीत सोडू नयेत. मत्स्यालयांतून सुटलेला सकर मासा भारतातल्या अनेक जलाशयांत पसरला आहे आणि स्थानिक माशांच्या जागेवर व अन्नावर अतिक्रमण करतो. २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला. डासनिर्मूलनासाठी गप्पी कुठे सोडायचे हे आरोग्य विभाग ठरवतो. घरच्या टाकीतले गप्पी त्या नावाखाली ओढ्यात टाकणे योग्य नाही. जास्तीचे मासे ज्या दुकानातून आणले तिथे परत द्यावेत किंवा दुसऱ्या मत्स्यपाळाला द्यावेत. टाकी कायमची बंद करायची झाल्यास हायड्रिलासारख्या वनस्पती वाळवून मगच कचऱ्यात टाकाव्यात, कारण त्यांचा लहानसा तुकडाही पाण्यात पुन्हा रुजतो. फिल्टरचा ओला स्पंज मात्र टाकून देऊ नये. टाकी सुरू करणाऱ्या दुसऱ्या घराला तो दिला, तर तिथले पाणी तयार होण्याचे काही आठवडे वाचतात.